१५० एएच ट्यूबलर बॅटरी: चालते छान, पण ठेवायची कुठे?

घरगुती इन्व्हर्टरसाठी ही १२ व्होल्टची, १५० एएच (अँपिअर-तास, म्हणजे साठवणक्षमतेचे माप) उंच ट्यूबलर (नळीसारख्या प्लेटांची) बॅटरी उत्तम आहे. वारंवार वीज जाते तिथे चपट्या प्लेटच्या बॅटरीपेक्षा जास्त टिकते. वजन ५० किलोच्या वर, त्यामुळे उचलायला दोघे हवेतच.

पाण्याची पातळी दाखवणारे तरंगते दांडे आम्हाला सर्वात आवडले. लाल खुणेपर्यंत खाली आले की फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचे. नळाच्या पाण्यातले क्षार प्लेटा खराब करतात. ॲसिड तर कधीच घालू नये.

टर्मिनलवर झाकणे मात्र ढिली बसतात, आणि ही उणीव किरकोळ नाही. पाना दोन्ही टोकांना एकदम टेकला तर शेकडो अँपिअर वाहतात, पाना लालबुंद होतो. वायर सोडण्यापूर्वी इन्व्हर्टर बंद करून प्लग काढावा. आधी निगेटिव्ह वायर सोडावी, जोडताना ती शेवटी लावावी. अंगठी, घड्याळ काढलेले बरे.

चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो. हवेत ४ टक्के झाला तरी ठिणगीने भडकतो. म्हणून बंद कपाट, देवघराशेजारची जागा नकोच. हवेशीर गॅलरीत, उन्हापावसापासून आडोशाला ठेवावी.