पासवर्ड बरोबरच होता : खोट्या मदत क्रमांकाने झालेली माझी फसवणूक

मी सांगलीत अनुवादाचे काम करते आणि ग्राहकांशी होणारा सगळा पत्रव्यवहार कित्येक वर्षे संगणकावरील थंडरबर्ड या मोफत प्रोग्राममधून, जीमेलच्या खात्यावर करत आले. जून २०२२ मध्ये एके सकाळी पासवर्ड मागणारी चौकट पडद्यावर आली. मी पासवर्ड टाकला, तो नाकारला गेला आणि चौकट पुन्हा उघडली. असे दहा-बारा वेळा झाले. तोच पासवर्ड ब्राउझरमध्ये टाकल्यावर मात्र मेल विनातक्रार उघडत होता. खरे कारण या एका गोष्टीतच दडलेले होते, पण तेव्हा ते माझ्या ध्यानात आले नाही. एक भाषांतर त्याच दिवशी पाठवायचे असल्याने मी इंटरनेटवर मदत क्रमांक शोधला आणि सर्वांत वर दिसलेल्या जाहिरातीतील क्रमांकावर फोन केला.

पलीकडचा माणूस अतिशय अदबीने हिंदीत बोलत होता. त्याने दुरून संगणक चालवता येईल असे एक ॲप मला उतरवून घ्यायला लावले, विंडोजमधील इव्हेंट व्ह्यूअर (संगणकातील घडामोडींची नोंदवही) उघडून त्यातील लाल खुणा दाखवल्या आणि संगणकात व्हायरस शिरल्यामुळेच पासवर्ड चालत नाही, असे सांगितले. तशा खुणा धडधाकट संगणकातही असतात, हे मला नंतर कळले. दुरुस्तीचे म्हणून ४,९९९ रुपये मी यूपीआयने भरले आणि पुढचा पाऊण तास पडद्यावर आपोआप फिरणारा बाण पाहत बसले. त्या वेळात त्याने थंडरबर्डच्या सेटिंग्जमधील साठवलेल्या पासवर्डांची यादी उघडली होती. या यादीला कुलूप घालणारा प्राथमिक पासवर्ड लावलेला नसेल, तर तेथील एक बटण दाबताच सगळे पासवर्ड उघड्या अक्षरांत दिसतात, आणि मी तो कधीच लावलेला नव्हता. शेवटी ‘सर्व्हर सुरू व्हायला चोवीस तास लागतील’ असे सांगून त्याने फोन ठेवला. त्यानंतर तो क्रमांक लागला नाही.

दोन दिवसांनी भाच्याने येऊन पाहिले, तेव्हा उलगडा झाला. ३० मे २०२२ पासून गुगलने बाहेरच्या प्रोग्रामना केवळ नाव आणि पासवर्ड देऊन खात्यात शिरू देणे बंद केले होते. म्हणजे पासवर्ड चुकीचा नव्हता, तो देण्याची पद्धत जुनी झाली होती. त्याने थंडरबर्डमध्ये साठवलेले जुने पासवर्ड पुसले, खात्याच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये ‘नॉर्मल पासवर्ड’ऐवजी ‘ओऑथ२’ (प्रोग्रामला पासवर्ड न देता गुगलकडेच परवानगी देण्याची पद्धत) निवडले, आणि बाहेर जाणाऱ्या मेलच्या सर्व्हरची नोंद वेगळी असल्याने तेथेही तोच बदल केला. मग गुगलची स्वतःची खिडकी उघडली, तिच्यात परवानगी दिली आणि मेल आला. दहा मिनिटांचे, बिनखर्चाचे काम! ज्या जुन्या प्रोग्राममध्ये ही सोय नसते, त्यांच्यासाठी द्विस्तरीय पडताळणी चालू करून सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड, म्हणजे फक्त त्या प्रोग्रामपुरता वेगळा पासवर्ड, गुगलकडून घेता येतो. थंडरबर्डला फोनवरून मदत देणारा कोणताही अधिकृत क्रमांक नाही, हे मला आधी ठाऊक असते, तर मी तो फोन केलाच नसता.

१९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर मी तक्रार केली, पण तोवर दोन दिवस उलटले होते आणि रक्कम त्या खात्यातून पुढे गेली होती. अशी तक्रार पहिल्या काही तासांतच करावी, कारण पैसे वाटेत असेपर्यंतच ते अडवता येतात.

पासवर्ड बदलला, दुरून चालवण्याचे ते ॲप काढून टाकले आणि मी निर्धास्त झाले. अकराव्या दिवशी एका ग्राहकाने विचारले, की बिलाबाबतच्या त्यांच्या पत्राला उत्तर का नाही. ते पत्र मला दिसलेच नव्हते. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये फिल्टरांची यादी उघडली, तेव्हा मी कधीही न केलेला एक फिल्टर तेथे सापडला : ‘बिल’ किंवा ‘इन्व्हॉइस’ हा शब्द असलेले प्रत्येक पत्र एका अनोळखी पत्त्यावर पाठवायचे आणि माझ्या इनबॉक्समधून काढून टाकायचे. पासवर्ड बदलला तरी फिल्टर आणि फॉरवर्डिंगचा पत्ता जागच्या जागी राहतात; ते स्वतः उघडून पुसावे लागतात.