झोपेची ब्लूटूथ पट्टी: गाणं छान, बाई नको

काल रात्री पट्टीतली ती बाई पुन्हा बोलली, म्हणून लिहायला बसले. 'बॅटरी लो!' आवाज गाण्याच्या चौपट. गाण्याचा आवाज कमी करता येतो, बाईचा नाही. झोप लागावी म्हणून विकलेली वस्तू स्वतःची बॅटरी संपतेय हे सांगायला मला उठवते!

डोक्याला बांधायची, आत स्पीकर असलेली ही पट्टी सेलमध्ये १,२९९ ला घेतली. कुशीवर झोपलं की इअरबड टोचतात, तो त्रास इथे नाही. कापड मऊ, नवऱ्याचं घोरणंही बऱ्यापैकी झाकलं जातं. धुऊन स्पीकर परत घातले की आतल्या आत सरकतात आणि डावा हमखास मानेवर येतो, पण ते चालवून घेतलं. सुरुवातीला चार्जिंग रात्रभर पुरायचं, आता पहाटेच्या आतच मान टाकते. कस्टमर केअरला फोन केला. बिलाचा फोटो तीनदा मागून घेतला आणि वर म्हणे, 'मॅडम, व्हॉइस प्रॉम्प्ट हे फीचर आहे, वॉरंटीत येत नाही.'

मग फोनमध्ये टायमर लावला. पाऊण तासाने गाणं बंद, बॅटरी वाचली. वाटलं, सुटले. तर थोडा वेळ काही वाजलं नाही की पट्टी आपणहून बंद होते, आणि बंद होताना बाई सांगते, 'पॉवर ऑफ'!

आता गाण्याचं. आधी बासरीवर जुनी भावगीतं लावायचे. शब्द नाहीत, म्हणजे डोकं शांत राहील असा हिशोब. झालं उलटंच: बासरी सूर धरायची आणि शब्द मी मनात भरत बसायचे, सकाळी लोकलमध्येही तेच कडवं. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाचा २०२१ चा अभ्यास नंतर वाचनात आला. त्यातही ओळखीच्या गाण्यांच्या नुसत्या वाद्यसंगीताने गाणं डोक्यात जास्त अडकलं आणि झोप बिघडली. तेव्हापासून बागेश्री नाहीतर मालकंस रागाचा आलाप, फार तर विलंबित, म्हणजे संथ लयीतलं. जलद लयीतलं द्रुत सुरू व्हायच्या आत टायमर संपला पाहिजे, नाहीतर तबल्याची तिहाई आली की डोळे टक्क उघडे. मालकंस रात्रीच्या तिसऱ्या प्रहराचा म्हणतात. आमची बाईही साधारण तेव्हाच बोलते.

फरक पडला का? पडला, हे कबूल करायला हवं. झोपेची पिट्सबर्ग प्रश्नावली आहे, ० ते २१ गुण, ५ च्या वर गेलात तर झोप वाईट. मी ११ वर होते, आता ७. म्हणजे अजून नापासच, पण ऑफिसात दुपारी जांभया कमी झाल्यात. निद्रानाश असलेल्यांवरच्या १३ प्रयोगांचा, वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०२२ चा आढावाही संगीताच्या बाजूनेच आहे, मात्र ती सुधारणा लोकांनी स्वतः भरलेल्या अशाच प्रश्नावलीवर मोजलेली. श्रेय आलापाचं, पट्टीचं नव्हे. उशीजवळ हळू आवाजात फोन ठेवूनही हेच फुकटात झालं असतं, फक्त शेजारच्याने घोरायचं थांबवलं पाहिजे.

८०० च्या खाली मिळाली तर घ्या. बाईला गप्प करायची युक्ती कुणाला ठाऊक असेल तर कळवा. आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबून पाहिली, तर ती चिनी बोलायला लागली.