गोळी लपवायचा मऊ खाऊ: केमो चालू असलेल्या कुत्र्यासाठी कितपत कामाचा?

मध्ये खळगा असलेला हा खाऊ जरूर घ्यावा, पण आकार बघून. केमोची गोळी तोडायची नाही, कुटायची नाही, कॅप्सूल उघडायची नाही. अख्खीच पोटात गेली पाहिजे. गोळी पूर्ण आत बुडेल एवढा मोठा आणि कुत्रा न चावता गिळेल एवढा लहान खाऊ हवा. बरीच पाकिटं इथेच फसतात. तुकडा मोठा असला की तो चावला जातो, गोळी फुटते, कडू लागते आणि दुसऱ्या दिवशी बिचारा वासानेच तोंड फिरवतो.

दोन्ही हातांत नायट्राइलचे हातमोजे घाला. गोळी धरलेल्या बोटांनी खाऊचं तोंड दाबू नका, औषधाचा वास बाहेर लागतो. ते काम दुसऱ्या हाताचं. आधी एक रिकामा द्या, मग गोळीवाला, आणि तो तोंडात असतानाच तिसरा नाकासमोर धरा. तिसऱ्याच्या घाईत दुसरा गिळला जातो. नंतर जमिनीवर गोळी थुंकलेली नाही ना, हे बघाच.

मळमळ असेल तर हा खाऊ पुढे करू नका. त्याची आणि मळमळीची सांगड बसली की तो कायमचा बाद. आधी डॉक्टरांकडून मॅरोपिटंटसारखं मळमळ थांबवणारं औषध विचारा. उपाशीपोटी द्यायच्या गोळ्यांना हा चालत नाही. घटकांत झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते गोड द्रव्य) दिसलं तर पाकीट तिथेच ठेवा, ते कुत्र्यांना विषारी असतं.

पाकीट उघडं राहिलं की खाऊ सुकतो, चिरतो. घट्ट डब्यात ठेवा.