सात महिने, दहा गाणी: टोनी बेनेटचा ‘लव्ह फॉर सेल’

पहिल्या आठवड्यात मी हा अल्बम अर्ध्यावर बंद केला होता. स्वयंपाकघरात, फोनच्या स्पीकरवर, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये ऐकत होते. बाई खणखणीत गात होती, ट्रम्पेट-ट्रॉम्बोन त्याहून खणखणीत वाजत होते आणि ज्याच्यासाठी लावला होता तो म्हातारा मधूनच येऊन दोन ओळी म्हणून जात होता. आज सात महिने झालेत. आठवड्यातून तीन-चारदा तरी तो आमच्या घरात लागतो आणि आता त्यातली काही गाणी मला माझीच वाटतात.

बेनेट 1926 साली न्यूयॉर्कमधल्या क्वीन्स भागात, इटालियन घरात जन्मला. खरं नाव अँथनी डॉमिनिक बेनेडेटो. क्रूनर म्हणतात त्या जातीचा गवई. मायक्रोफोन आल्यावर गायकाला मागच्या रांगेपर्यंत ओरडून पोचायची गरज उरली नाही. तो माइकजवळ येऊन कानात सांगितल्यासारखं गाऊ लागला, तीच या घराण्याची रीत. हा अल्बम सप्टेंबर 2021 च्या शेवटी आला तेव्हा त्याचं वय 95 होतं. नव्या ध्वनिमुद्रणांचा अल्बम काढणारा सर्वांत वयस्कर माणूस म्हणून गिनीजमध्ये नोंद झाली. सोबत पॉप गायिका लेडी गागा, वयानं साठ वर्षांनी लहान. दोघांचा 2014 मध्ये एक अल्बम येऊन गेला होता, हा दुसरा. आणि बेनेटचा शेवटचा. 21 जुलै 2023 ला तो गेला.

सगळी गाणी कोल पोर्टरची आहेत. शब्दही त्याचे, चालही त्याचीच. बहुतेक 1930 आणि 40 च्या दशकांत न्यूयॉर्कच्या रंगभूमीसाठी आणि हॉलिवूडसाठी लिहिलेली ही गाणी आपल्याकडच्या नाट्यपदांसारखी नाटकातून सुटून स्वतंत्र झाली. मूळ प्रयोग कुणी पाहिलेला नसतो, पद मात्र पिढ्यान्‌पिढ्या गायलं जातं.

आता मी याच्याकडे का वळले ते सांगते. बेनेटला 2016 मध्ये अल्झायमरचं निदान झालं. या अल्बमचं ध्वनिमुद्रण 2018 ते 2020 च्या सुरुवातीपर्यंत न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत चाललं. म्हणजे इथला त्याचा प्रत्येक स्वर निदानानंतरचा आहे. कुटुंबानं आजाराची गोष्ट फेब्रुवारी 2021 मध्ये जाहीर केली. माझ्या बाबांना स्मृतिभ्रंश होऊन तीन वर्षं झाली. नातवाचं नाव त्यांना आठवत नाही, पण हार्मोनियमवर बोटं ठेवली की पद येतं. अशा माणसाच्या गाण्यात काय उरतं, हे मला ऐकायचं होतं.

ते उत्तर युगुलगीतांत मिळालं नाही. मिळालं ते सातव्या आणि नवव्या गाण्यात. दहांपैकी ही दोनच बेनेट एकटा गातो.

सातवं ‘सो इन लव्ह’. 1948 च्या ‘किस मी, केट’ या संगीतिकेतलं. मागे तंतुवाद्यांचा मोठा ताफा आहे, लय संथ आहे, लपायला जागा नाही. आवाज खरखरीत झालाय, श्वास पूर्वीइतका पुरत नाही, हे पहिल्याच ओळीत कळतं. पण शब्द बघा. एकही शब्द गिळलेला नाही, एकही घाईनं टाकलेला नाही. जिथे श्वास तुटणार तिथे तो ओळच अशी तोडतो की तुटणं अर्थातून आल्यासारखं वाटतं. आपल्याकडे थकलेल्या गवयांच्या मैफलींना लोक याचसाठी जायचे. तानेची ताकद गेलेली असायची. जागा मात्र नेमक्या पडायच्या.

दुसऱ्या महायुद्धात लढून आल्यावर सैनिकांसाठीच्या सरकारी योजनेतून तो गाणं शिकला, बेल कान्तो या जुन्या इटालियन गायनपद्धतीनं. मिरियम स्पायर या त्याच्या शिक्षिकेनं त्याला सांगितलं होतं की दुसऱ्या गायकांची नक्कल करू नकोस, वाद्यांची कर. हे वाचल्यावर नववं गाणं मला नव्यानं ऐकू आलं. ‘जस्ट वन ऑफ दोज थिंग्ज’ हे संपलेल्या प्रेमाचं गाणं. कडवटपणा नाही, भांडण नाही, हसून घेतलेला निरोप. इथे तो शब्द ठोक्याच्या किंचित मागे ठेवतो, सॅक्सोफोनवाला ठेवेल तसा, आणि ओळीच्या शेवटी बरोबर जागेवर येतो.

हेच गाणं त्यानं 1957 च्या ‘द बीट ऑफ माय हार्ट’मध्ये, एकतिसाव्या वर्षी गायलंय. त्या अल्बममध्ये एकाहून एक मोठे ड्रमर त्याच्यासोबत आहेत. मी दोन्ही पाठोपाठ ऐकते. तरुण बेनेट ढोलांशी शर्यत लावतो, जिंकतो आणि ते जिंकणं त्याला आवडतंय हे कळतं. म्हातारा कुणाशीच शर्यत लावत नाही. पहिल्यात निरोप हा डौल आहे. दुसऱ्यात खरोखरच कुणीतरी निघालंय. मला दुसरं जास्त प्रिय आहे, आणि हे मी दयेपोटी म्हणत नाही.

गागाबद्दलचं माझं मत सर्वांत जास्त बदललं. सुरुवातीला ती त्याच्यावर मात करते असं वाटायचं. आता कळतं की ती साथ करते आहे. ‘आय कॉन्सन्ट्रेट ऑन यू’मध्ये नीट ऐका: तो ओळ संपवतो तिथे ती लगेच झडप घालत नाही, एक क्षण सोडते, मग उचलते. मुरलेला साथीदार गवयाला असाच दम घ्यायला अवकाश देतो. तिचं एकटीचं ‘डू आय लव्ह यू’ सुंदर आहे. दुसरं एकल गाणं ठीक. ‘इट्स डी-लव्हली’ मी हल्ली वगळते, त्यातला उत्साह पन्नासाव्यांदा ऐकताना दमवतो.

एक तक्रार मात्र सात महिन्यांत कमी झाली नाही, आणि ती शीर्षकगीताबद्दल आहे. ‘लव्ह फॉर सेल’ हे 1930 सालचं, रस्त्यावर उभं राहून देह विकणाऱ्या बाईचं गाणं. रेडिओवर त्याला बंदी होती. इथे ते दोघं मिळून झुलत्या लयीत, हसऱ्या गळ्यानं गातात. कारागिरी चोख आहे, पण ती बाई कुठे गेली? लावणीतली कळ काढून नुसती ढोलकी ठेवावी तसं झालंय. या गाण्याचं नाव अल्बमला द्यायचं तर तिची व्यथा आत यायला हवी होती.

ऐकायची साधनं बदलली तेव्हा अल्बमच बदलला, हेही सांगायला हवं. फोनच्या स्पीकरवर पितळी वाद्यं बेनेटला गिळतात. चांगल्या हेडफोनवर तो मधोमध, हाताच्या अंतरावर उभा राहतो. ओठ उघडल्याचा आवाजसुद्धा येतो. 2022 च्या ग्रॅमीत याला पारंपरिक पॉप गायनाचा पुरस्कार मिळाला, तसाच ध्वनिअभियांत्रिकीचाही. दुसरा पुरस्कार ज्यांना मिळाला त्यांत डे बेनेट आहे, टोनीचा मुलगा. निर्माताही तोच. काचेपलीकडे वडील, कमी बोलणारे, गोंधळलेले, आणि अलीकडे मुलगा, त्यांचा आवाज जसा आहे तसा टिपणारा. त्यानं थरथर पुसली नाही. याबद्दल मला त्याचे आभार मानावेसे वाटतात.

बाबांना इंग्रजी गाणी कधीच आवडली नाहीत. तरी संध्याकाळी हा लागला की खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं चालतात. जॅझमध्ये वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतं. बाबांचा कान आयुष्यभर समेवर पोसलेला, ते पहिलीवर टाळी धरतात. सुरुवातीला मला ते चुकतायत असं वाटायचं. एके दिवशी मी त्यांच्या टाळीकडे लक्ष देऊन नववं गाणं ऐकलं: ड्रमरचे ठोके त्यांच्या टाळ्यांच्या मधल्या जागेत पडत होते आणि बेनेटचा शब्द दोघांच्याही किंचित मागून येत होता. संपूर्ण गाणंभर बाबा एकदाही ढळले नाहीत.

तुम्ही पहिल्यांदा ऐकणार असाल तर पहिल्या गाण्यापासून सुरू करू नका. रात्री, हेडफोन लावून, सातवं ऐका, मग नववं, मग शेवटचं ‘ड्रीम डान्सिंग’. त्यात दोघं एकमेकांना धरून अगदी हळू चालल्यासारखे गातात. दुसऱ्या दिवशी 1957 चं ध्वनिमुद्रण शोधा. बाकीची सात गाणी नंतर केव्हाही चालतील.