दुकानातला लिनक्स फोन आणि के-रनर: खरीप ते रब्बीचा अनुभव

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं कृषी सेवा केंद्र आहे. काउंटरवरच्या जुन्या कॉम्प्युटरवर केडीई प्लाझ्मा (लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा डेस्कटॉप) आणि हातात पोस्टमार्केटओएस (फोनसाठीचं लिनक्स) टाकलेला सेकंडहँड पोको एफ1, ही जोडी पेरणीच्या तोंडावर सुरू केली. आता हरभऱ्याचे घाटे भरत आलेत.

फोनच्या आधी के-रनरबद्दल, म्हणजे प्लाझ्मातल्या शोधपट्टीबद्दल सांगतो, कारण खरा फरक त्यानंच पडला. ऑल्ट आणि स्पेस दाबलं की पडद्यावर वरच्या बाजूला एक पट्टी येते. समोर नुसता रिकामा डेस्कटॉप असेल तर तेवढंही नको, थेट टाइप करायला लागायचं. जूनमध्ये काउंटरला गर्दी असते आणि कुणीतरी विचारतं, "मालक, पाच एकराला सोयाबीन किती लागंल?" शिफारस हेक्टरी, माणूस बोलतो एकरात. पट्टीत 5 एकरचं हेक्टर करायला सांगितलं की 2.02 येतं (एककांची नावं मी रोमनमध्ये लिहितो). हेक्टरी 75 किलो धरलं तर लगेच तिथंच गुणाकार: दीडशे किलोच्या थोडं वर, म्हणजे 30 किलोच्या पाच बॅगा. डीएपी खताच्या चौदा गोण्या? 1350*14, उत्तर 18,900. कॅल्क्युलेटर उघडावाच लागत नाही.

उधारीची वही लिबरऑफिस कॅल्कमध्ये (एक्सेलसारखा मोफत प्रोग्राम) आहे. तिच्यासाठी होम फोल्डरातल्या .local/share/applications मध्ये एक छोटी .desktop फाइल, म्हणजे शॉर्टकट, लिहिली. Exec ओळीत काय उघडायचं ते, म्हणजे कॅल्क आणि वहीचा पत्ता, Keywords ओळीत शोधायचे शब्द, "उधारी" आणि "udhari" दोन्ही. आता काउंटरवरचं पोरगं चार अक्षरं मारतं, एंटर दाबतं आणि वही समोर. त्याला कुठलं फोल्डर, कुठली ड्राइव्ह हे शिकवायची गरजच पडली नाही. फाइल शोधणाऱ्या बालू या केडीईच्या प्रोग्रामला मात्र फक्त नावं नोंदवायला सांगा. फाइलींच्या आतला मजकूरही नोंदवायला लावला तर जुनी हार्डडिस्क पहिले काही तास घरघरत बसते.

फोन घेतला तो लाइट जाते म्हणून. त्यावरच्या प्लाझ्मा मोबाइलमध्ये (प्लाझ्माचं फोनसाठीचं रूप) होम स्क्रीनवर बोट खाली ओढलं की हाच के-रनर येतो. लाइट गेली तरी हिशेब थांबत नाही. वही सिंकथिंग या फाइली जुळवणाऱ्या प्रोग्रामनं दोन्हीकडे सारखी राहते. स्नॅपड्रॅगन 845 प्रोसेसर आणि 6 जीबी रॅम असल्यानं फोन कुठं अडखळत नाही. 2018 सालचं हे मशीन अजून नवे अपडेट घेतंय याचं मला मनापासून कौतुक वाटतं. पोस्टमार्केटओएसवाल्यांनी 2017 पासून हेच काम धरून ठेवलंय: जुने फोन भंगारात जाऊ द्यायचे नाहीत.

पण हा एकटाच फोन ठेवून भागत नाही. माझ्याकडे यावर व्होएलटीई (4जीवरून कॉल) नाही, त्यामुळे ज्या कंपनीचं जाळं फक्त 4जी-5जीचं आहे तिच्या सिमवर इंटरनेट चालतं, बोलणं होत नाही. 2जी असलेल्या सिमवर कॉल येतात. कॅमेऱ्यावर विसंबू नका; पानावरच्या रोगाचा फोटो काढायला दुसराच फोन लागतो. यूपीआयचंही तसंच. वेड्रॉइड या लिनक्समधल्या वेगळ्या कप्प्यात अँड्रॉइडची ॲप्स उघडतात, पण त्या कप्प्यापर्यंत सिम पोचत नाही आणि यूपीआयला सिमवरून मेसेज जाऊन पडताळणी व्हावी लागते. पैसे घ्यायला साधा अँड्रॉइड ठेवलाच आहे.

कुणी हाच फोन घेणार असेल तर बूटलोडर (फोन सुरू करणारा, दुसरी सिस्टिम टाकू देणारा किंवा अडवणारा भाग) अनलॉक झालेला आहे का ते आधी बघून घ्या. या मॉडेलला तियान्मा आणि ईबीबीजी असे दोन प्रकारचे डिस्प्ले आले होते आणि प्रत्येकाची इमेज, म्हणजे फोनमध्ये टाकायची सिस्टिमची फाइल, वेगळी आहे. आपल्या फोनला कुठला डिस्प्ले आहे ते फ्लॅश करण्याआधीच (ती फाइल फोनमध्ये टाकण्याआधीच), अँड्रॉइड चालू असताना पाहून ठेवा.