काउंटरवरचा साउंडबॉक्स: ९ महिन्यांचा अनुभव (लग्न अजून जमलेलं नाही)

आधीच सांगून ठेवते, हा रिव्ह्यू पेमेंटच्या साउंडबॉक्सचा (ऑनलाइन पैसे आले की रक्कम मोठ्याने सांगणारा डबा) आहे, पण मध्ये मध्ये माझ्या स्थळांचा विषय येणार, त्याला माझा इलाज नाही. गेले ९ महिने दोन्ही गोष्टी एकाच काउंटरवर चालू आहेत आणि दोन्हीला साक्षीदार एकच, माझी आई.

नाशिकला अंबड एमआयडीसीत माझं नाष्ट्याचं छोटं दुकान आहे. पोहे २५, मिसळ ६०, चहा १०. बी.कॉम. करून एका ऑफिसात ३ वर्षं टॅलीवर एंट्र्या मारल्या, मग एक दिवस वाटलं दुसऱ्यांचेच नफे किती दिवस मोजायचे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये हे चालू केलं. कागदपत्रं खरं तर सोपी निघाली, उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) फुकट होतं (एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका), एफएसएसएआयचं, म्हणजे खाण्याचे पदार्थ विकायचं, छोट्या धंद्याचं रजिस्ट्रेशन मी केलं तेव्हा वर्षाला १०० रुपये होतं, आणि तेव्हा १० पेक्षा कमी माणसं असली की शॉप अ‍ॅक्टला नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागायची. अवघड निघालं ते कर्ज. मुद्रा या सरकारी योजनेतलं शिशू, म्हणजे ५० हजारांपर्यंतचं, मागायला गेले तर बँकेतले साहेब म्हणे, "लग्न ठरलंय का? उद्या सासरी गेलात तर हप्ते कोण भरणार?" आणि त्याच आठवड्यात आत्याने आणलेल्या एका स्थळाचा निरोप, दुकान बंद करणार असेल तर पुढे बोलू. म्हणजे बँकेला लग्न नको आणि स्थळाला दुकान नको. शेवटी आईने पाटल्या गहाण टाकल्या.

बॉक्स घेतला जानेवारीत, कारण स्क्रीनशॉट. सकाळी ७ च्या शिफ्टआधी पावणेसातला काउंटरवर एकदम पंधरा-वीस जण असतात, हातात झारा, समोर मोबाईलच मोबाईल, कुणाचा हिरवा टिक खरा आणि कुणाचा खोटा कसं कळणार? डिसेंबरचा हिशोब लावला तर जवळपास १८०० रुपये आलेच नव्हते. बॉक्स आल्यावर पहिल्याच आठवड्यात चार पोरं २३० चा स्क्रीनशॉट दाखवून निघाली, बॉक्स गप्प, आई म्हणाली, "थांबा रे, बाई अजून बोलली नाही." पोरं थांबली, इकडे तिकडे बघितलं, आणि मग खरंच पैसे टाकले. तेव्हापासून आमच्याकडे त्याला बाईच म्हणतात.

आता कामाचं. आवाज दणदणीत, समोरच्या टपरीपर्यंत जातो. आला तेव्हा हिंदीत बोलायचा, अ‍ॅपमधून मराठी करून घ्या, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आत स्वतःचं सिमकार्ड असतं, त्यामुळे तुमचा मोबाईल बंद असला तरी बोलतो, फक्त पत्र्याखाली रेंज कमी मिळते, मी कढईपासून लांब रस्त्याच्या बाजूच्या फळीवर ठेवला तेव्हा कुठे नीट चालायला लागला. चार्जिंग माझ्याकडे ३-४ दिवस जातं. चार्जिंगचं भोक आणि बटणं तेलकट वाफेने चिकट होतात, मी वरून प्लॅस्टिकची पिशवी घालते, दिसायला गबाळं पण टिकतंय. भाडं महिन्याला १०० रुपये. देणारा मुलगा म्हणालेला पहिले ६ महिने फुकट, दुसऱ्याच महिन्यात कापले, तक्रार केली तर "मॅडम ती स्कीम वेगळी होती". लेखी घ्या. आणि अ‍ॅपमध्ये रोज कर्जाची जाहिरात येते, रोजच्या गल्ल्यातून हप्ता कापणारं, त्या वाटेला मी गेले नाही.

एक मोठी गोष्ट कुणी सांगत नाही. बाई फक्त रक्कम बोलते, पण अ‍ॅपमधल्या यादीत देणाऱ्याचं नाव दिसतं. जूनमध्ये ११ च्या सुमारास एक काका आले, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, मिसळ घेतली, दोनदा रस्सा मागून घेतला, मग चहा, मग आईला विचारलं मुलगी रोज इथेच उभी असते का. ७० रुपये स्कॅन करून गेले. रात्री हिशोब लावताना यादीत नाव वाचलं तर आडनाव तेच, जे स्थळ रविवारी घरी बघायला येणार होतं. मुलाचे वडील! गुपचूप मुलगी बघून गेले होते. शनिवारी आत्याचा फोन, पत्रिका जुळत नाही म्हणताहेत. आई इतकी भडकली, "पत्रिका नाही जुळत तर रस्सा दोनदा कसा जुळला?"

त्याआधीचा आयटीवाला राहिलाच की. पुण्याचा, लग्नाच्या साइटवरून आलेला, फोनवर छान बोलायचा, "तुझं स्टार्टअप" म्हणायचा. (कढई आणि दोन शेगड्या, स्टार्टअप.) भेटायचं ठरलं १२ एप्रिल, शनिवार, हनुमान जयंती, गंगापूर रोडला एका कॅफेत. तो तोच दिवस निघाला ज्या दिवशी देशभर यूपीआय बसलं होतं. बिल ५८० रुपये. त्याचं होईना, माझं होईना, कार्ड तो पुण्यात विसरलेला, कॅश तो ठेवतच नाही. माझ्या पर्समध्ये मात्र गल्ल्यातली चिल्लरची पिशवी होती, आईने येताना नोटा करून आण म्हणून दिलेली. मी टेबलावर दहाच्या नाण्यांचे दहा-दहाचे ढीग लावले, पाच ढीग आणि वर आठ नाणी. वेटर हसला, मीही हसले, हा मात्र मोबाईल कानाला लावून बाहेर जाऊन उभा राहिला, फोन चालू नव्हता, मला काचेतून दिसत होतं. जाताना म्हणाला अर्धे तुला पाठवतो. दुकानाचाच क्यूआर दिला होता. आले असते तर बाई बोलली असती.

जुलैत पावसात सिम गेलं, ९ दिवस बॉक्स मुका. कस्टमर केअरला सहा फोन केले, प्रत्येकाला दुकानाचा पत्ता पहिल्यापासून सांगायचा. शेवटी एक मुलगा आला, दहा मिनिटांत सिम बदललं, चांगला वाटला, तर आईने लगेच गाव विचारलं, मग घरी कोण कोण असतं विचारलं. त्याला दोन मुलं आहेत.

आणि बॉक्स सुरू झाला त्याच आठवड्यात "एक रुपया प्राप्त झाला" सुरू झालं. पहिल्यांदा वाटलं कुणाचं चुकून बटण दाबलं गेलं असेल. मग आठवड्यातून एकदा-दोनदा एक रुपया. यादीत नाव कुणा बाईंचं. आईला वाटलं एखादी देवभोळी बाई कसला तरी नेम करतेय. मला राग वेगळाच, माझा रोजचा गल्ला ५ च्या पटीत जुळतो आणि हा रुपया हिशोब बिघडवतो. एके रात्री बॉक्स चार्जिंगला घरी आणलेला, बंद करायला विसरले, सव्वाअकराला अंधारात बाई खणखणीत बोलली, एक रुपया प्राप्त झाला. पप्पा उठून बसले. "कोण गं हा?" म्हटलं पप्पा, हा नाही, ही आहे.

मग एकदा एंट्री उघडली तर खाली मेसेज होता: "पोह्यांवर शेव टाकत जा भो". मागच्या सगळ्या उघडल्या. "आज पोहे भारी." "काल बंद का होतं?" "ताप गेला का?" अशी कोण बाई लिहील! भो म्हणजे खानदेशातला माणूस, आणि समोर रोज निळ्या युनिफॉर्ममध्ये जळगाव-धुळ्याचीच निम्मी पोरं. मी दुसऱ्या दिवशी शेवेची बरणी आणून ठेवली, काही न बोलता. सगळ्यांनी शेव घेतली, पण एकच जण बरणीकडे बघून लाल झाला आणि त्याने न मागता चहाचे पैसे दोनदा दिले.

भुसावळकडचा आहे, बाजूच्या कंपनीत सीएनसी मशीनवर. खातं आईच्या नावावर, कारण घरचा नंबर हाच वापरतो. आणि गंमत म्हणजे त्याच्या आईने गावाकडे बँकेत पासबुक भरून आणलं तर पान भरून एकेक रुपया, सगळे आमच्या दुकानाच्या नावाने. तिने फोन केला, हे काय दुकान आहे रे, तिथे एक रुपयाला काय मिळतं? हे त्याने मला चहा पीत पीत सांगितलं, सलग बोलला असा पहिल्यांदाच, नाहीतर समोर आला की "एक पोहे" एवढंच. मी म्हटलं मग काय सांगितलंस? म्हणे, शेव.

आत्तापर्यंत ४३ रुपये झालेत. मी वहीत वेगळं पान केलंय, इतर जमा.

तर बॉक्स घ्यावा का? सकाळच्या गर्दीचा धंदा असेल तर डोळे झाकून घ्या, महिन्याचे १०० रुपये बुडणाऱ्या दोन-तीन मिसळींतच वसूल आहेत. दिवसाला वीस-पंचवीस गिऱ्हाइकं असतील तर मोबाईलवरचा मेसेज पुरे. घरी नेत असाल तर रात्री बंद करा, तरुण मुलगी घरात असेल तर नक्की बंद करा. एक स्टार भाड्याच्या थापेसाठी कापला, चार देते.

गेल्या सोमवारी दहाच्या सुमारास एक मावशी आल्या होत्या, नऊवारी, हातात पिशवी. पोहे मागितले, वर शेव मागितली, कढईत वाकून बघितलं, आईला विचारलं तेल कोणतं, शेंगदाणा का सोयाबीन. माझ्याकडे दोनदा बघितलं, पण काही बोलल्या नाहीत. २५ रुपये रोख दिले, अगदी सुटे. आई खुश, हल्ली सुटे देतं कोण. दुकान आवरत होतो तेव्हा बाई बोलली, एक रुपया. उघडून बघितलं तर: "आई येऊन गेली. पोह्यात मीठ कमी म्हणते."

आईला अजून सांगितलेलं नाही. मिठाचं तर मुळीच नाही.