तुर्भ्याच्या शीतगृहासाठी थंडीचे सूट: अखंड डांगरी की बिब आणि जॅकेट?

तुर्भे एमआयडीसीतील एका शीतगृहात मी साठवणूक विभागाचे काम पाहतो. आमच्याकडे गोठवलेले मटार, मक्याचे दाणे, कोळंबी, आंब्याचा गर आणि आइस्क्रीम असा माल येतो. गोठवलेल्या खाद्यपदार्थांना उणे १८ अंश किंवा त्याहून कमी तापमान लागते, म्हणून आमच्या मोठ्या खोल्या उणे २० ते उणे २२ अंशांवर आणि आइस्क्रीमची खोली उणे २५ अंशांवर चालते. बाहेर डॉकवर, म्हणजे गाड्यांतून माल चढवण्या-उतरवण्याच्या धक्क्यावर, मात्र मे महिन्यात ३५ अंशांची दमट हवा असते. माल हलवणारा माणूस एका पाळीत वीस-पंचवीस वेळा या दोन हवामानांतून ये-जा करतो. त्याने अंगात काय घालावे, हे ठरवण्याची जबाबदारी गेली तीन वर्षे माझ्याकडे आहे. या काळात आम्ही दोन प्रकारचे सूट मोठ्या संख्येने आणि तिसरा एक नमुना म्हणून वापरून पाहिला. त्या अनुभवावरून हा अभिप्राय लिहीत आहे, कारण खरेदी करताना मला मराठीत या विषयावर वाचायला काहीच मिळाले नव्हते.

पहिली खरेदी अखंड सूटची होती. गळ्यापासून घोट्यापर्यंत एकच कपडा आणि समोर लांब चेन असलेल्या या सूटला आमचे कामगार डांगरीच म्हणतात. टोपी जोडलेली, आत जाड पॅडिंग, आणि कॉलरच्या आत शिवलेल्या पट्टीवर ‘उणे ४०’ असा ठळक आकडा. आमच्या खोल्या उणे २५ च्या खाली जात नाहीत, तेव्हा उणे ४० चा सूट म्हणजे भरपूर झाले, असा हिशेब करून मी चौदा सूट घेतले. तो हिशेब चुकीचा होता, आणि त्याची किंमत माझ्या माणसांनी मोजली.

पहिले पंधरा दिवस सगळे समाधानी होते. नंतर लक्षात आले की दुपारच्या जेवणाला सूट काढला की आतला बनियन पिळून निघावा इतका ओला असतो. पेट्या उचलणाऱ्या माणसाला खोलीत जाऊन दहा मिनिटांत घाम फुटतो. तो बाहेर डॉकवर आला की घाम दुपटीने वाढतो, पण तिथे पाच मिनिटांसाठी आख्खा सूट उतरवणे शक्य नसते, कारण त्यासाठी आधी बूट काढावे लागतात. म्हणून तो तसाच ओल्या अंगाने पुन्हा आत जातो. लघवीला जायचे म्हटले तरी खांद्यापासून सगळा सूट खाली उतरवावा लागतो, आणि तो ओल्या फरशीवर लोळतो. काही जण त्या त्रासापायी पाणीच कमी पिऊ लागले, हे मला फार उशिरा, तेही आमच्या सर्वांत ज्येष्ठ लोडरकडून कळले. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. ते एवढेच म्हणाले, ‘साहेब, थंडी बाहेरून नाही लागत, आतून लागते.’

मामांच्या त्या वाक्याचे शास्त्र साधे आहे. पॅडिंगचा धागा स्वतः ऊब देत नाही. धाग्यांमध्ये अडकलेली स्थिर हवा अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पाणी हवेच्या तुलनेत साधारण चोवीस-पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणजे पॅडिंगमधल्या हवेची जागा घामाने घेतली, की कितीही जाड सूट असला तरी त्याचा उपयोग उरत नाही. शिवाय उणे २२ अंशांतून बाहेर आलेल्या सूटच्या थंड कापडावर नवी मुंबईच्या दमट हवेतले बाष्प जमते, जसे फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर जमते. आतून घाम आणि बाहेरून दव असा दोन्हीकडून सूट भिजतो. कोरड्या थंडीच्या प्रदेशात ही दुसरी अडचण फारशी येत नाही, पण आमच्याकडे ती रोजची आहे, आणि पावसाळ्यात सर्वांत जास्त.

आता त्या ‘उणे ४०’ विषयी. नुसता तापमानाचा आकडा लिहिलेल्या पट्टीवर खरेदीचा निर्णय करू नये, असे मी आता ठामपणे सांगेन. थंडीपासून संरक्षण देणाऱ्या कपड्यांसाठी युरोपात ईएन ३४२ हे मानक आहे. ते उणे ५ अंश आणि त्याखालच्या तापमानासाठी आहे; त्याहून सौम्य गारव्यासाठी ईएन १४०५८ हे वेगळे मानक आहे. ईएन ३४२ च्या पट्टीवर बर्फाच्या स्फटिकाचे चिन्ह असते. त्याच्या शेजारचा पहिला आकडा कपडा उष्णता किती अडवतो याचा, आणि दुसरा वारा किती अडवतो याचा. वाऱ्याचे वर्ग १ ते ३ असतात आणि त्यांत ३ सर्वांत चांगला. पहिला आकडा तापवलेल्या पुतळ्यावर आतल्या कपड्यांसह पूर्ण पोशाख चढवून मोजलेला असतो, त्यामुळे वर भारी जॅकेट आणि खाली साधी जीन्स घातली, तर तो आकडा लागू होत नाही.

या मानकातल्या तक्त्याने माझे डोळे उघडले. उष्णतारोधाचे मूल्य, म्हणजे पट्टीवरचा तो पहिला आकडा, ०.३१० असलेला पोशाख घेतला, तर संथ हवेत मध्यम श्रमाचे काम करणाऱ्याला तो आठ तास उणे १९ अंशांपर्यंत पुरतो. तोच पोशाख हलकी हालचाल करणाऱ्याला आठ तासांसाठी जेमतेम उणे १ अंशापर्यंत पुरतो. एका तासापुरते पाहिले तर हेच आकडे अनुक्रमे उणे ३२ आणि उणे १५ होतात. म्हणजे एकाच खोलीत, एकाच सूटमध्ये, पेट्या उचलणारा घामाने भिजत असतो आणि त्याच्या शेजारी रीच ट्रकवर (उंच मांडणीत माल ठेवणाऱ्या फोर्कलिफ्टसारख्या गाडीवर) बसलेला चालक कुडकुडत असतो. दोघांना एकच सूट देणे, हीच माझी मूळ चूक होती.

दुसऱ्या वेळी मी लोडरांसाठी बिब आणि वेगळे जॅकेट असा जोड घेतला. बिब म्हणजे छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली पॅडिंगची पँट. साध्या पँटपेक्षा ती का हवी, हे पॅलेटच्या खालच्या थरातली पेटी उचलायला वाकल्यावर कळते: जॅकेट वर सरकते, पँट खाली सरकते आणि कमरेची एक वीत पाठ थेट खोली थंड करणाऱ्या बाष्पकाच्या पंख्यांच्या वाऱ्यात उघडी पडते. बिबची पाठ उंच असल्यामुळे ही फट पडतच नाही. त्याहून मोठा फायदा बाहेरच्या बाजूला आहे. डॉकवर येताच माणूस जॅकेटची चेन उघडतो, थोडा जास्त वेळ असेल तर जॅकेट काढून खुंटीला अडकवतो, आणि पाय उबदार ठेवूनही छाती, काखा आणि मान मोकळी करतो. घाम सर्वांत जास्त तिथेच येतो. पहिल्या आठवड्यातच दुपारच्या बनियनांची ओल कमी झाल्याचे मी स्वतः पाहिले.

जे बिब आम्ही घेतले, त्याच्या दोन्ही पायांना बाहेरच्या बाजूने मांडीपर्यंत चेन आहे. ही चेन घोट्यापुरतीच असेल तर तो बिब घेऊ नये, कारण गमबूट न काढता बिब घालता-काढता येणे, हे दिवसातून चार वेळा करावे लागणारे काम आहे. आमच्या बिबची चेन जाड दातांची, प्लास्टिकची आहे. आधीच्या सूटची धातूची चेन बाहेर येताच ओली व्हायची आणि आत जाताच गोठून अडकायची. चौदापैकी पाच चेनी सहा महिन्यांत गेल्या. पट्टे रुंद आहेत आणि त्यांचे खटके हातमोजे न काढता दाबता येतात. या एका गोष्टीसाठी मी दुकानातच जाड हातमोजे घालून प्रत्येक नमुन्याचा खटका उघडून पाहिला, आणि इतरांनाही तसेच करायला सांगेन. चिकटपट्टीचे (वेल्क्रोचे) बंद मात्र टाळावेत. त्यांच्या बारीक हुकांत हिमकण भरतात आणि पकड सुटते.

या बिबमध्ये दोष नाहीत असे नाही. गुडघ्यावरचा दुहेरी थर तोकडा आहे, खाली बसून लेबल तपासणाऱ्या माणसाचा गुडघा नेमका त्या थराच्या खाली टेकतो आणि तिथले कापड वर्षभरात झिजले. पाठीवरचे टाके फार जवळजवळ आहेत. जिथे टाका पडतो तिथे पॅडिंग दाबले जाते आणि थंडीला वाट मिळते, म्हणून टाक्यांच्या रेषा जितक्या दूर तितके बरे, फक्त त्या इतक्याही दूर नसाव्यात की धुतल्यावर आतला कापूस गोळा होऊन खाली बसेल. आमच्या पहिल्या सूटचे दुसऱ्याच धुण्यानंतर तसे झाले होते.

वरच्या कापडाची निवड करताना आपल्या हवेचा विचार करावा. उत्तर अमेरिकेत बाहेर काम करणाऱ्यांच्या बिबला जाड सुती डक कॅनव्हास वापरण्याची जुनी परंपरा आहे. डेट्रॉइटला १८८९ साली सुरू झालेल्या कारहार्टने रेल्वे कामगारांसाठी कपडे शिवायला सुरुवात केली, ती अशाच दणकट कापडांतून. काटेरी कुंपण, लाकूड आणि ठिणगी यांपुढे हे कापड खरोखर टिकते. आमच्या एका कामगाराच्या भावाने कॅनडातून तसा एक कॅनव्हासचा बिब आणून दिला होता, तो आम्ही महिनाभर वापरला. शिवण अप्रतिम, खिसे मजबूत, पण डॉकवरचे दव सुती कापड शोषून घ्यायचे आणि पुन्हा आत गेल्यावर मांड्यांवर पुठ्ठ्यासारखे ताठ व्हायचे. आमच्या कामाला घट्ट विणीचे नायलॉन किंवा पॉलिस्टर बरे, ज्यावरचे पाणी झटकता येते. प्लास्टिकचा जाड मुलामा दिलेले कापड घेऊ नये. ते गोठल्यावर कडक होऊन घड्यांवर तडकते आणि आतला घाम बाहेर जाऊ देत नाही.

मापाचा प्रश्न विक्रेते गंभीरपणे घेत नाहीत, याची मला खंत आहे. बाहेरच्या मापांवर बेतलेल्या बिबचे पाय आमच्या सव्वापाच फुटांच्या माणसाला चार बोटे लांब होतात, टाचेखाली येतात आणि हिम साचलेल्या फरशीवर घसरण्याचे कारण ठरतात. पॅकिंग विभागातल्या ताईंना तर पुरुषांच्या मापाचा छोटा नंबर दिला जातो, जो खांद्याला ढगळ आणि कमरेला घट्ट बसतो. त्यांच्यासाठी मागच्या बाजूला चेन असलेला, पट्टे न काढता खाली उतरवता येणारा बिब असतो. तो मागवून घ्यावा लागतो, पण तो आल्यापासून त्यांच्यातली एकही जण जुन्या सूटकडे वळलेली नाही.

अखंड सूट वाईट असतो, असे माझे म्हणणे नाही. रीच ट्रकच्या चालकांसाठी मी तो मुद्दाम ठेवला आहे. ते बसून असतात, त्यांना घाम येत नाही, एकदा आत गेले की बराच वेळ बाहेर येत नाहीत, आणि गाडीच्या वेगामुळे वारा मात्र सतत अंगावर घेतात. त्यांना कमरेला एकही फट नसलेला, जास्त पॅडिंगचा, वाऱ्याच्या तिसऱ्या वर्गाचा सूट लागतो. तसेच जिथे उणे ३५ अंशांची झटपट गोठवणीची खोली असते, तिथे पाच-दहा मिनिटे आत जाऊन येणाऱ्यासाठीही तोच योग्य. दोघांच्याही सूटवर परावर्तक पट्ट्या पाठीवर आणि पोटऱ्यांवर हव्यात, कारण धुके दाटलेल्या दारात फोर्कलिफ्टच्या चालकाला वाकलेला माणूस खांद्यावरच्या पट्टीने दिसत नाही.

खरेदीसाठी मी मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटला दोन फेऱ्या मारल्या आणि शेवटी तुर्भ्यातल्याच एका विक्रेत्याकडून घेतले, कारण त्याने एक जोड आठ दिवस वापरून परत करण्याची मुभा दिली. जॅकेट आणि बिब मिळून आम्हाला एका जोडाला साडेचार हजारांच्या आसपास पडले. पहिला अखंड सूट अठ्ठावीसशेचा होता आणि जेमतेम वर्षभर टिकला.

प्रत्येकाला दोन जोड द्यावेत, ही माझी आग्रहाची विनंती मालकांनी मान्य केली, आणि या सगळ्या खर्चात सर्वांत उपयोगी ठरलेला खर्च तोच. जुलैत धुतलेला बिब पंख्याखाली वाळायलाही दोन दिवस घेतो. सूट एकमेकांत वाटून वापरला की तो कधीच पूर्ण वाळत नाही, त्याला वास येतो आणि त्वचेचे विकार पसरतात. धुताना साधा पातळ साबण वापरावा, कापड मऊ करणारे द्रव्य घालू नये, पिळू नये आणि उलटा करून टांगावा. आतून सुती बनियनऐवजी पॉलिस्टरची पातळ गंजी घालायला सुरुवातीला सगळ्यांनी नकार दिला होता. आता मामा नव्या पोरांना पहिल्याच दिवशी ती घालायला लावतात.

पुढच्या महिन्यात सहा नवे बिब येणार आहेत. त्यांचे पाय अडीच इंच कमी आणि गुडघ्याचा थर एक वीत लांब करून द्या, असे मी विक्रेत्याला लिहून दिले आहे, आणि मापासाठी मामांचा जुना बिब त्याच्याकडे ठेवून आलो आहे.